शेवग्याचा खड्डा

सून घराचे फोटो काढते आहे हे मालिनीच्या लक्षात बुधवारी संध्याकाळीच आलं होतं. पण गुरुवारी सकाळी चैत्राली मोजपट्टी घेऊन देवघराची लांबी-रुंदी घेताना दिसली, तेव्हा मात्र मालिनीच्या हातातलं निरांजन जागच्या जागी थांबलं. चैत्रालीने वर पाहिलं, हसली, "किती सुबक आहे ना, आई," म्हणाली आणि मोजपट्टी स्वेटरच्या खिशात सरकवली. सुबक वस्तूची मापं कशाला घ्यावी लागतात, हे मालिनीने विचारलं नाही. आरती झाली, हात जोडून झाले; पण आज तिचं लक्ष देवाकडे कमी आणि मागच्या पावलांकडे जास्त होतं.

कालपासून या घरात कुणी कुणाला सरळ काही विचारतच नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या सुटीला सगळे येणार म्हटल्यावर तिला आधी आनंदच झाला होता. तिचा नवरा एकनाथ गेला, त्याच्या तेराव्यानंतर सगळी मंडळी एकत्र जमत होती ती पहिल्यांदाच. पण आल्यापासून प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. धाकटा दीर जगन्नाथ वेस्ट विंडसरहून आला, बॅग ठेवली आणि फोन कानाला लावून खाडीच्या धक्क्यावर गेला तो तासाभराने परतला. मुलगा सत्यजित पार पश्चिम किनाऱ्यावरच्या ढगाळ रेडमंडहून रात्रभराचा प्रवास करून आला होता, तरी आडवा न होता काकाच्या मागे गेला. हे तर अजबच होतं. एकनाथच्या तेराव्यापासून काका-पुतण्यांचं जमत नव्हतं. फोनवर हवापाण्याच्या पलीकडे बोलणं जात नसे. आणि आता दोघं काठाकाठाने खांद्याला खांदा लावून फिरत होते. मालिनी चहा घेऊन गेली की बोलणं पुन्हा हवेवर येई. रेडमंडला सूर्य बघायलासुद्धा रजा टाकावी लागते, असं काहीतरी सत्यजित सांगायला लागे. ती वळली की मागे आवाज खाली जात.

ही जमीन दोघा भावांनी मिळून घेतलेली. साऊथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला, ब्यूफर्टच्या पुढे, खाऱ्या खाडीच्या काठावर. म्हातारे ओक, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कालवांच्या राशी. म्हातारपणी दोन घरं बांधायची आणि मधे एक अंगण ठेवायचं, असा बेत होता. घर एकच झालं, एकनाथ-मालिनीचं. आणि त्यातही एकनाथला फार दिवस मिळाले नाहीत. पण मालिनी इथे रुजली. तिचं माहेर दाभोळच्या खाडीचं. पाणी उतरलं की चिखलाचा जो वास सुटतो, त्याने इतरांच्या नाकाला पदर लागे. तिला तो लहानपणी परकराला येणारा वास वाटे. इथेच डोळे मिटावेत एवढंच तिचं मागणं होतं. ते तिने देवापाशी बोलून दाखवलं होतं, माणसांपाशी नाही.

आणि आता खाडीकाठची सगळी पट्टी एका गोल्फवाल्या कंपनीला हवी होती. अर्धी जमीन जगन्नाथच्या नावावर, अर्धी तिच्या. तिच्या सहीवाचून काम अडलेलं. ऑक्टोबरात जगन्नाथ कंपनीच्या माणसांना घेऊन येऊन गेला होता. तिने हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायचा धीरही झाला नव्हता. घरची ही माणसं जवळ आली की ती लहान होऊन जाई. सुटीत सगळ्यांसमोर बोलू असं ठरलं होतं. त्याप्रमाणे सगळे आले होते आणि कुणीच बोलत नव्हतं.

सगळ्यांत शेवटी देवयानी आली, जगन्नाथची मुलगी. जमिनीखाली गेलेली जुनी गावं शोधण्यात तिची पीएचडी चालली होती. तिच्या धुळीने माखलेल्या गाडीत कपड्यांपेक्षा फावडी आणि चाळण्या जास्त. काकूच्या गळ्यात पडली, पाणी प्यायली आणि कुणाला काही न सांगता मागच्या परसात गेली. परत आली तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि चेहरा उतरलेला. मालिनीने चहा विचारला तर नको म्हणाली. मग सोफ्यावर पेपर वाचणाऱ्या बापाकडे ती टक लावून बघत राहिली.

दुपारी उशिरा पानं घेतली. मसालेभात, भरली वांगी, टोमॅटोचं सार, आणि आंबटपणाला क्रॅनबेरीचा मेथांबा. सत्यजितने आपलं दरसालचं गाऱ्हाणं मांडलं. थँक्सगिव्हिंग नेमकं गुरुवारीच येतं, आणि आईच्या घरात गुरुवारी अंडंसुद्धा शिजत नाही. शाळा अमेरिकेत झाली पण टर्की कशी लागते हे कळायला लग्न करावं लागलं. "दत्तगुरूंनी कोट्यवधी पक्ष्यांतला निदान एक तरी वाचवला रे," जगन्नाथ म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा सगळे एकदम हसले.

मालिनीने पहिला घास बाजूला काढून ठेवला, हात जोडले, आणि तिचं मौन सुरू झालं. हे सासूबाईंकडून आलेलं. जेवताना शब्द काढायचा नाही; काढलाच तर पान सारायचं आणि दुसऱ्या दिवसाचा सूर्य उगवेपर्यंत पाण्यावर राहायचं. इतक्या वर्षांत तिच्या हातून ते मोडलं नव्हतं. सत्यजितच्या परीक्षा, एकनाथचे रिपोर्ट, काय काय जेवणाच्या टेबलावर बोललं गेलं, आणि ती घास गिळत ऐकत आली.

"चला, वहिनींचं मौन लागलं," जगन्नाथने भाताचा घास घेत म्हटलं. "आता मला मधेच कुणी तोडणार नाही."

पुन्हा सगळे हसले. मालिनीही डोळ्यांनी हसली. पण वांग्याचा घास तोंडात फिरायला लागला. दोन दिवस हे गृहस्थ फोनला चिकटून होते, आणि बोलायला त्यांनी नेमकी ही वेळ निवडली होती.

जगन्नाथ बोलला मात्र फार मायेने. वादळं आता दरवर्षी येतात, मागच्या खेपेला छताची फळी उडाली, हॉस्पिटल लांब, वहिनी एकट्या, पुलावर पाणी आलं की ॲम्ब्युलन्स काय विमानाने येणार का. कंपनीवाले सोमवारपर्यंत थांबतील, पुढचं सांगता येत नाही. मग सत्यजितने धागा उचलला, जणू दोघांनी आधी वाटून घेतलं होतं. बॉथेलला, आमच्या जवळच, एक घर बघितलंय. तळमजल्यावर आईची खोली, जिना चढायला नको. "आणि देवघर पण होतंय, आई. अगदी असंच. चैत्रालीने मापं घेतलीयेत, फोटोपण काढलेत. तिथला सुतार सेम टू सेम करून देणार आहे."

म्हणजे मोजपट्टी त्यासाठी होती. मालिनीचा एक संशय फिटला, पण छातीवरचं ओझं कमी झालं नाही. तिला विचारायच्या आधी तिच्या देवांची मापं घेऊन झाली होती.

चैत्रालीला सासूचा चेहरा वाचता येत असावा. ती घाईने देवयानीकडे वळली. तुझे ते आदिवासी लोक इथेच राहायचे ना, यमासी, त्यांच्याबद्दल सांग ना काहीतरी, म्हणाली.

देवयानी तोवर भात नुसता चिवडत होती. तिने चमचा खाली ठेवला आणि सांगायला लागली, आधी तुटक, मग भरभरून. या सगळ्या खाड्यांच्या काठांनी यमासींची गावं होती, तीनशे वर्षांपूर्वी. चार्ल्सटनकडून इंग्रज व्यापारी यायचे. कापड, बंदुका, रम द्यायचे, आणि बदल्यात हरणांची कातडी न्यायचे आणि माणसं न्यायचे. दुसऱ्या टोळ्यांवर धाड घालून यमासीच ती माणसं धरून आणायचे आणि गुलाम म्हणून विकायचे.

"म्हणजे तेही काही धुतल्या तांदळाचे नव्हते," जगन्नाथ म्हणाला.

नव्हतेच, असं देवयानीने मान्य केलं. पण पुढे हरणं कमी झाली, धरून आणायला माणसंही उरली नाहीत, आणि यमासी व्यापाऱ्यांच्या अंगठ्याखाली आले. मग व्यापाऱ्यांनी त्यांचीच बायकापोरं उचलून न्यायला सुरुवात केली. हे तक्रारी करत राहिले, ते बघू म्हणत राहिले. अशात वसाहतीने गावोगाव माणसं पाठवून मोजणी केली. पुरुष किती, बायका किती, मुलं किती. यमासींनी त्याचा अर्थ एकच लावला. मोजतायत, म्हणजे विकणार.

चैत्रालीने एकदा मालिनीकडे पाहिलं आणि लगेच ताटात नजर घातली.

"मग समेट करायला म्हणून इंग्रजांची माणसं आली," देवयानी सांगत होती. "तुमच्या तक्रारी ऐकून घेऊ म्हणाले. यमासींनी त्यांना जेवू घातलं, झोपायला जागा दिली. पण त्याच लोकांतला एकजण आधी धमकी देऊन गेला होता, तुमच्या म्होरक्यांना फासावर देऊ आणि बाकीच्यांना विकू अशी. आता खरं कोणाचं धरायचं? यमासी ठरवत बसले. सकाळी पाहुणे उठले तर समोर माणसं तोंडाला लाल आणि काळा रंग फासून उभी. गुड फ्रायडे होता. एखाददुसरा निसटला, बाकी सगळे मारले गेले."

मग युद्ध भडकलं. एकेका टोळीने व्यापारी मारले, गोरे घरंदारं टाकून चार्ल्सटनला पळाले. इंग्रजांची अख्खी वसाहत उठून जाते की काय अशी वेळ आली. पण पारडं फिरलं, यमासींची गावं जळाली, आणि उरलेसुरले लोक दक्षिणेला, फ्लोरिडात, स्पॅनिश लोकांच्या आसऱ्याला गेले.

"जेवायला घालून मारलं," जगन्नाथ म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "पानावरच्या माणसाला."

"वर्षानुवर्षं पोरं पळवणाऱ्याला पाहुणा म्हणायचं का, बाबा?"

"पण त्या दिवशी आलेले तर बोलायलाच आलेले ना?" सत्यजितने विचारलं.

"हो. आणि त्यांतला एकजण तर व्यापाऱ्यांच्या विरुद्ध खरंच भांडत आला होता. त्याला तर फार हाल करून मारलं." देवयानी क्षणभर थांबली. "रात्रीतून माणूस ओळखता येत नाही रे दादा. मला तर घरातलासुद्धा येत नाहीये." आणि मग तिने मान बापाकडे वळवली. "बाबा, मला एक संशय आहे. चुकीचा असेल तर तसं सांग."

आणि तिने तो सगळ्यांसमोर सांगितला.

सप्टेंबरात काकूने तिला एक फोटो पाठवला होता. शेवगा लावायला परसात खड्डा खणला, त्यात नक्षीची खापरं आणि निळे मणी निघाले, ते खड्ड्याच्या काठावर मांडून. फोटोच्या कोपऱ्यात, अर्धवट मातीत, आणखी काहीतरी होतं. देवयानी तेव्हा रेंज नसलेल्या ठिकाणी खोदकामावर होती. काही दिवसांनी फोटो मोठा करून पाहिला तर जबडा. माणसाचा. लहानगा, दातांसकट. काकूला ते काय आहे हे कळलंही नसेल, असं समजून तिने फक्त एवढंच कळवलं, की खड्डा आहे तसा राहू दे, मी येते. आणि बापाला मात्र फोन करून सगळं सांगितलं: माणसाची हाडं निघाली की काम थांबतं, सरकारी माणसं येतात, त्या लोकांच्या वंशजांना विचारावं लागतं. विक्री वर्षानुवर्षं लटकते.

"आज मी बघितलं. खापरं, मणी काकूच्या डब्यात आहेत. जबडा नाहीये. कुणीतरी हाताने माती सारून काढलाय." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मधल्या काळात इथे एकच माणूस येऊन गेलाय, बाबा. गोल्फवाल्यांना घेऊन."

जगन्नाथचा हात सारात बुडवलेल्या घासासकट तसाच राहिला. मी असं करीन का, एवढंच त्याने विचारलं, आणि तेही नीट ऐकू आलं नाही. त्याने आधाराला सत्यजितकडे पाहिलं. पण सत्यजितची खुर्ची तेवढ्यात कशी कोण जाणे वीतभर मागे सरकली होती.

"काका, ऑक्टोबरातल्या त्या व्हिजिटचं तू मला का नाही बोललास?" तो म्हणाला. "मला ते आईकडून कळलं. अजून काय काय मला माहीत नाहीये?"

दोन दिवस खांद्याला खांदा लावून चाललेली जोडी अशी घासाघासात सुटली. चैत्राली नवऱ्याचा हात दाबत होती. देवयानी बापावरून नजर काढत नव्हती.

"वहिनी," जगन्नाथ वळून म्हणाला, "तुम्ही होता ना इथे. मी त्या खड्ड्याजवळ तरी गेलो होतो का? सांगा ना हिला." आणि मग त्याला आठवलं. त्याने मान खाली घातली. "नाही, नाही. जेवा तुम्ही. तुमचं मोडायला नको."

मालिनीला माहीत होतं. तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

तो सर्वपित्री अमावास्येचा दिवस होता. शेवग्याचं रोप किती दिवस कुंडीत खोळंबलं होतं म्हणून तिने सकाळी खड्डा खणला. खापरं निघाली, मणी निघाले. फोटो काढून देवयानीला पाठवला. मग माती सारखी करताना ते बोटांना लागलं. इवलाले दात, तांदळासारखे. तिला ते काय आहे हे बघताक्षणी कळलं होतं. दोन मुलं गमावून सत्यजित झालेल्या बाईला ते सांगावं लागत नाही. भीती वाटली नाही. वाटलं ते इतकंच, की ज्यांना पाणी द्यायला कुणी उरलं नाही त्यांचा आजचा दिवस, आणि आजच हे लेकरू वर आलं. दुपारी तिने स्नान केलं, वाटीत तीळ घेतले, धक्क्यावर गेली. कुणाचं गोत्र, कुणाचं नाव, काहीच ठाऊक नाही. म्हणून नुसतं 'बाळा' म्हणून पाणी दिलं आणि पाण्यात सोडलं. दिलेलं दान जसं बोलू नये, तसं तिने हे कुणाला सांगितलं नाही.

आणि आज, या टेबलावर, तिला प्रथमच कळत होतं की त्या एका हाडाने तिचं घर वाचलं असतं. ते तिने आपल्या हातांनी खाडीला दिलं होतं.

पण अजूनही वाचत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. देवयानीचा संशय बापावर राहिला तर ती हाड पळवल्याची तक्रार करणार. तक्रार झाली की खणाखणी, चौकशी, आणि गोल्फवाले पळणार. जगन्नाथचं तोंड बंद होणार. सत्यजित काकाच्या बाजूने पुन्हा उभा राहणार नाही. मालिनीला काही करायचंसुद्धा नव्हतं. ती जेवत होती, आणि जेवताना ती बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी तिला बोल लावला नसता. व्रतच तिच्या बाजूने उभं होतं.

तिने पुढचा घास उचललासुद्धा. तोंडापर्यंत नेला. समोर जगन्नाथ बसला होता, एकनाथसारख्याच वाकलेल्या खांद्यांनी. लेकीपुढे काय बोलावं हे न सुचलेला माणूस, आणि तरी त्याने तिला 'जेवा' म्हटलं होतं. जिभेने पाप होऊ नये म्हणून सासूबाईंनी हे दिलं होतं. आज जीभ हलत नव्हती, आणि नेमकं तेच पाप होत होतं.

मालिनीने घास ताटात ठेवला. ताट पुढे सारलं.

"भावोजींनी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "मी केलं."

"आई, पान..." चैत्राली अर्धवट उठली.

"राहू दे पान."

तिने सगळं सांगितलं, एका दमात, खाली बघत. देवयानी ऐकत असताना तिचा चेहरा कितीदा तरी बदलला. संतापली असती तर बरं झालं असतं. ती उठून काकूच्या खुर्चीपाशी आली आणि गुडघ्यांवर बसली.

"काकू, ते तुझं नव्हतं गं," ती म्हणाली. "त्यांचं होतं. त्यांच्यात एकदा मातीत ठेवलं की हलवत नाहीत."

 मालिनीने पुण्य म्हणून जे मनाशी जपून ठेवलं होतं, ते दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलेलं निघालं.

देवयानी मग बापाकडे गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून सॉरी म्हणाली. जगन्नाथने तो हात थोपटला, पण वर पाहिलं नाही. पुढचं सत्यजितने उघड बोलून दाखवलं, म्हणजे आता पुरावा काहीच नाही, फक्त एक धूसर फोटो. देवयानीने मान हलवली. कुणी मालिनीकडे पाहिलं नाही. बॉथेलची खोली, तळमजला, सेम टू सेम देवघर, सगळं पुन्हा जवळ येऊन उभं राहिलं.

फ्लोरिडात लॉरेटा नावाची एक वयस्क बाई होती. आपलं घराणं त्या दक्षिणेला गेलेल्या यमासींचं, असं ती सांगे, आणि देवयानीच्या कामात तिचा शब्द मोठा होता. मला आता तिला फोन करावा लागेल, देवयानी म्हणाली, कसं सांगू कळत नाही.

"लाव," मालिनी म्हणाली. "मी सांगते."

उन्हं कलली होती. सगळे मागच्या व्हरांड्यात आले, देवयानीने फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. लॉरेटाकडेही आज माणसं जमलेली असावीत, मागे भांड्यांचे आवाज येत होते. मालिनीचं इंग्रजी साधं, थांबत थांबत बोलण्याचं. पण तिने काही झाकलं नाही. मी कोण, मला काय सापडलं, मला काय वाटलं, मी काय केलं.

 मग लॉरेटाने विचारलं, दात केवढे होते. मालिनीने सांगितलं. पाणी कुठल्या बाजूला जात होतं? समुद्राकडे, मालिनी म्हणाली. मी ओहोटी लागायची वाट पाहिली होती. त्यावर लॉरेटा बरं म्हणाली नाही आणि वाईटही म्हणाली नाही. मला विचारायला हवं होतं, एवढं म्हणाली, आणि मालिनी हो म्हणाली. तुम्ही चुकीचं केलंत हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं आहे, लॉरेटा म्हणाली. मालिनी म्हणाली, म्हणा. आणि लॉरेटा ते म्हणाली, सावकाश, शब्द न चोरता, आणि मालिनीने ते उभं राहून ऐकून घेतलं.

मग लॉरेटाचा आवाज थोडा बदलला. वसंतात मी बहिणीला घेऊन येईन म्हणते, तिने सांगितलं. त्या खड्ड्यापाशी उभं राहायचंय आम्हाला. तुम्ही असाल ना तिथे? आमच्या जुन्या जागा सगळ्या आता कुंपणाआड, आयुष्यभर मी फाटकावरच्या पहारेकऱ्यांशी बोलत आले आहे, आत कुणी नसतंच. चुकलेली का होईना, बाई असेल तर बरं.

 मालिनीने जगन्नाथकडे पाहिलं. देवयानीनेही पाहिलं. जगन्नाथ मघापासून खांबाला टेकून खाडीकडे बघत होता. तो पुढे आला, फोनवर वाकला आणि इंग्रजीत म्हणाला, की त्या असतील. माझ्या वहिनी आहेत त्या. त्यांना हवं तोवर त्या इथेच राहतील, जमीन विकली जाणार नाही.

"काका, एक मिनिट," सत्यजित म्हणाला.

"थांब रे," जगन्नाथ म्हणाला. "वहिनींनी पान सारलंय माझ्यासाठी."

पलीकडे लॉरेटा हलकंच हसली. आम्हाला सगळेच असं सांगत आले, ती म्हणाली. रागाने नाही, आज ढग आहेत असं सांगावं तशी.

मालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने येऊ दिलं, पुसलं. पण लॉरेटाचं ते वाक्य तिच्या मनातून हलेना. जगन्नाथ वाईट माणूस नव्हता. हाच चांगला माणूस तिचं मौन लागायची वाट बघून बोलला होता. आत्ता त्याला भरून आलं होतं. सोमवारी त्याला कंपनीचा फोन येणार होता.

"भावोजी," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "लिहून द्या."

जगन्नाथने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती मराठी बोललीच नव्हती. "वहिनी, माझ्यावर विश्वास नाही?"

"आत्ता आहे. सोमवारचं मला सांगता येत नाही."

चैत्रालीने ओठ आवळून घेतले. देवयानीला एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं. "काकू, यमासींकडेपण लेखी असायचं गं," ती म्हणाली. "त्याचं काय झालं ते..."

"म्हणून फोन चालू ठेव. त्यांना ऐकू दे."

 खाली पाणी चढायला लागलं होतं, धक्क्याच्या खांबांना चुळुक चुळुक लागत होतं. मग जगन्नाथ म्हणाला, "ठीक आहे. पण मग तुम्हीही लिहायचं. या मातीतून यापुढे काहीही निघालं, तर एकट्याने ठरवायचं नाही. देवाला विचारलं असं सांगायचं नाही."

हे वर्मी लागलं. मालिनीने ते लागू दिलं.

"लिहिते," ती म्हणाली.

 सत्यजित आत गेला, कागद आणि पेन घेऊन आला आणि ते काकाच्या पुढे न ठेवता आईच्या हातात दिले. देवयानी फोनवर वाकून झालेलं सगळं इंग्रजीत सांगत होती. पलीकडे भांड्यांचे आवाज थांबले. लॉरेटाने तिथल्या कुणाला तरी गप्प बसायला सांगितलं, मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. लिहाल ते एकेक वाक्य मोठ्याने वाचा, ती म्हणाली, मी बसले आहे.

मालिनीने कागद कठड्यावर ठेवून जगन्नाथकडे सरकवला. त्याने खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.